ओट्यावर न सांगितलेला निरोप

जगदेव : थांबले काहून, बापूराव? 'मी सुखरूप आहे' इथपर्यंत तं बरं वाचलं. म्हणा ना फुडं.

बापूराव : अक्षर लागत नाही रे, जगदेवा.

जगदेव : नथ्थूचं? तुमीच तं त्याले अक्षरं गिरवाले लावले ह्या ओट्यावर. साडेतीन वर्सं झाले, पलटणीतून पत्ता नाही. मेला म्हणून आमी त्याची तेरवी केली. आन् आज पोस्टमननं हा कागद हातात देल्ला. एक अक्षर नोका सोडू.

बापूराव : (कागद गुडघ्यावर ठेवून) आइक. 'दोन वर्षांमागे शत्रूने आम्हा कैद्यांना सिंगापूरच्या रेडिओवर दोन-दोन वाक्यं बोलू दिली. बापूरावकाकांकडे सेट आहे, ते रोज ओट्यावर गावाला बातम्या सांगतात, म्हणून मीही बोललो. काकांनी निरोप पोचवलाच असेल.'

जगदेव : हे काय लिवते हा? तुमी आइकला त्याले?

बापूराव : आइकला.

जगदेव : कधी?

बापूराव : त्या सालच्या दिवाळीत. 'कामरगावचा नथ्थू जगदेव.' आवाज खरखरे, पर त्याचाच.

जगदेव : दिवाळीत! आन् आपली सून विजयमाला इधवा झाली म्हणून आमी तिचा पाट लावला फुडच्या वैशाखात. मेडशीच्या गोपीचंदाले देल्ली आपल्याच हातानं.

बापूराव : कायदाच तसा होता, बाप्पा. पह्यले ज्याच्या घरी सेट, त्याच्या ओट्यावर गाव. कापसाचा भाव आइका, भजन आइका, लढाई आइका, कोणी इचारे नाही. मंग फौजदार आला. म्हणे, लायसन तुमच्या नावाचं हाय. दुश्मनाचं स्टेशन आइकून गावाले सांगतलं, तं सेट बी जाईन आन् तुमी बी जासान. ओट्यावर फक्त सरकारी खबर.

जगदेव : मी काय गाव हाय? मी त्याचा बाप हाय. मायाच कानात सांगाचं होतं.

बापूराव : तू पंचफुला वयनीले सांगतलं असतं. तिनं गावभर साखर वाटली असती. मंग फौजदार इचारते, तुमाले कोणं सांगतलं?

जगदेव : वाटली असती. हे मातर खरं हाय.

बापूराव : मी भेलो, जगदेवा. कायद्याचं नाव कायले घेऊ? मी भेलो.

जगदेव : भाजीचा टोपला डोक्यावर घेऊन बाजारात जाता जाता नथ्थूची माय रोज इथं थांबे. 'भाऊजी, रेडिओत काही?' तुमी म्हणा, 'गाणे होते, वयनी.'

बापूराव : म्हणत होतो.

जगदेव : पाटाले बी आले होते तुमी. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

बापूराव : त्या दिवशी सांगतोच म्हणून घरून निघालो होतो. वाटेत सायकलवर एक शिपाई दिसला. तो बिचारा आपल्या कामानं चालला होता. पर तिथंच मी सांगाचं टाकून देल्लं. आता म्हणे लढाई सरली, बंदी उठली, पायजे ते स्टेशन लावा. सेटवर चादर टाकून ठेवली मी. हातच लावाव वाटत नाही त्याले.

जगदेव : निरोप काय होता?

बापूराव : राहू दे ना.

जगदेव : आता मले बी बंदी हाय का?

बापूराव : 'मी जिवंत हाय. विजयमालेले म्हणा, मायी वाट पाह्य.'

जगदेव : एवढाच?

बापूराव : एवढाच. मी मेडशीले जातो. पोरीच्या पाया पडतो आन् सांगून टाकतो तिले.

जगदेव : नोका. तिच्या मांडीवर लेकरू हाय. माणूस भला हाय. नथ्थू आला हे तिले कळनच, ते कोणाले लपते? पर वाट पाह्य म्हणे, हे नोको कळाले. जलमभर खाईन ते तिले.

बापूराव : मंग करू काय?

जगदेव : करता काय! तुमच्यावानी आता मले बी गप बसा लागन. तुमी भेऊन बसले, मी तिच्यासाठी बसतो. पर बसलो तं दोघंबी सारखेच. उचला तो कागद. फुडं काय लिवलं त्यानं?

बापूराव : 'येत्या पुनवेला कारंज्याच्या गाडीनं येतो. विजयमालेलाही स्टेशनावर आणा.'