घंटेला चौघांचे हात

अर्जदार : गोविंद रामा, पूर्वी मचव्याचा तांडेल, हल्ली मामलेदार कचेरीसमोर बसणारा अर्जलेखक. शिक्षण मराठी चौथी. राहणार खाडीकाठची वाडी, बोर्ली पंचतनच्या खालच्या अंगाला, जिल्हा कुलाबा. साक्षीदार तीन : धोंडू, पांडू आणि कासम, तिघेही त्या दिवशी माझ्या मचव्यावर खलाशी. प्रकार घडला स्वातंत्र्याच्या पुढच्या वैशाखात, कोर्लईसमोर, भर समुद्रात. सामनेवाले : आमच्या गावचे पंच. एवढे आधी वाचून घ्या, मग मी बोलतो. नावगाव वर नसलेली कैफियत कोणी वाचत नाही, हे मी दुसऱ्यांचे अर्ज लिहून लिहून शिकलो आहे.

तर माझे वडील तांडेल, त्यांचे वडील तांडेल, म्हणजे मचव्यावर शब्द चालायचा तो आमच्या घरचा. चौथीत माझे अक्षर पाहून मास्तर म्हणाले होते, रामा, पोराला कारकून कर, आणि वडील म्हणाले, मास्तर, कारकुनाला भरती-ओहोटी कळते काय. तिथे शाळा संपली. मुंबईहून रॉकेल, साखर, पत्रे आणायचे, इकडून सुपारी, नारळ, सुकी मासळी न्यायची, अशी माझी वर्षे गेली, आणि खरे सांगायचे तर तेवढीच वर्षे मला स्वस्थ झोप लागली. आता जमिनीवर पाठ टेकली की वाटते कोणीतरी नांगर टाकून मला बांधून ठेवले आहे. अर्ज लिहिताना वारा फिरला की टाक थांबतो. समोरचा पक्षकार विचारतो, भाऊ, काय झालं? काय सांगू त्याला.

त्या वैशाखात मुंबईच्या गिरण्यांतल्या आमच्या गावकऱ्यांनी गावच्या देवीसाठी पितळी घंटा ओतवून घेतली. मोठी, दोन माणसांनी उचलावी अशी. बंदरावर हळदकुंकू वाहून ती माझ्या स्वाधीन केली. मी होऊन म्हटले होते, आईची घंटा माझ्या मचव्यातून जाईल. डोलकाठीच्या बुंध्याशी भाताच्या पेंढ्यात बसवून दोराने आवळली. किहीमची माडबने डाव्या हाताला मागे पडेपर्यंत दर्या तेलासारखा होता. मग नैऋत्येकडून काळे आले, आणि ते असे आले की शीड पुरते उतरेपर्यंत मचवा एका कुशीवर झोपला. धोंडू सुकाणूवर, आम्ही तिघे पाणी उपसतोय, रॉकेलचे डबे टाकले, पत्रे टाकले, साखर तर आपोआप विरघळली, आणि तेवढ्यात दोर तुटून घंटा सुटली. मचवा डावीकडे गेला की ती डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे, आणि दर वेळी फळ्यांवर आदळणार. पांडू तिला पुन्हा बांधायला गेला, त्याचे बोट मध्ये सापडले, ते आजतागायत वाकडे आहे. फळी फुटली, पाणी आत यायला लागले.

आमच्यात रीत अशी की दर्यात वजन टाकायचे तर मचव्यावरच्या प्रत्येकाने त्याला हात लावायचा, म्हणजे काठावर आल्यावर मी नव्हतो असे कोणी म्हणू नये. मी म्हटले, हात लावा. पांडूने रक्ताचा हात लावला. धोंडूने एका हाताने सुकाणू धरून दुसरा लांबवला. कासम थबकला, म्हणाला, तांडेल, देवीची हाय, माझा हात चालंल काय? मी म्हटले, मचव्यात हायस ना, मग लाव. चौघांनी ती मचव्याच्या काठावरून दर्यात सोडली. संध्याकाळी आम्ही दिघीला लागलो, चौघेही जिवंत.

देवळात बैठक बसली. बाबूकाका पंचांत मोठे. म्हणाले, गोविंदा, घंटा कुठं हाय? सगळे सांगितले. ते म्हणाले, घंटा गेली, मग तू का न्हाय गेलास? लोक हसले. मी साक्षीदारांकडे पाहिले. धोंडू म्हणाला, मी सुकाणूवर व्हतो, मला डोलकाठीपाशी काय दिसतंय. पांडूने बोट धोतरात लपवले. एकटा कासम उभा राहिला, म्हणाला, काका, माझा हात व्हता. बाबूकाका म्हणाले, तू बस, तुझी देवी न्हाय ती. कासम म्हणाला, पाणी आत येत व्हतं तवा तिनं ते विचारलं न्हाय. पण त्याची साक्ष कोणी धरली नाही.

त्या वर्षापासून पंचांच्या हुकमाने शिमग्याची पालखी आमच्या दारी थांबत नाही. माझ्या हाताखाली खलाशी येईना, मचवा दुसऱ्याकडे गेला, मी टाक हातात घेतला. माझी बायको यशोदा दर शिमग्याला अंगण सारवते, ओटीचे ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहते, आणि ढोल समोरून पुढे निघून जातो. पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा धोंडूचा असतो, मागे पांडू. तिच्याकडे बघत नाहीत. परवा ती म्हणाली, आता बास, मुंबईला लेकाकडे जाऊ, इथं कुणाची वाट बघायची. मी रात्रभर ओटीवर येरझाऱ्या घातल्या.

गेल्या बाजारी पांडू माझ्याकडेच अर्ज लिहवून घ्यायला आला. लिहून दिला, चांगला दिला. मग म्हटले, पांडू, एकदा पंचांसमोर सांग की तुझा हात होता. तो म्हणाला, दादा, मी सांगीन, पण मग पालखी माझ्याबी दारावरनं जाईल, घरात सून नवी हाय. मी म्हटले, जा. त्याचेही मला कळते, हेच वाईट आहे.

तरी पंचांस विनंती अशी की, फळी फुटून पाणी आत येत असता घंटा ठेवायची तर धोंडू, पांडू, कासम आणि अर्जदार या चौघांपैकी कोणास दर्यात सोडावयास हवे होते, याचे उत्तर शिमग्यापूर्वी लेखी द्यावे. कोणासही नाही असे उत्तर असेल, तर पालखी अर्जदाराच्या दारी थांबवावी. एखादे नाव निघालेच, तर ते देवळात वाचू नये. त्या माणसाच्या घरी जावे, त्याच्या बायकोला बाहेर बोलवावे, आणि तिच्यासमोर वाचावे. माझे नाव निघाले तर यशोदा घरीच आहे.