कमरेवरचा रिकामा हात

चहा डाव्या हातात दे यार, उजवा खांदा अजून ठणकतोय! आमची सई इथल्या महानगर कॉलनीत कराटे शिकते ना, ती परवा हॉलमध्ये काता करत होती. काता म्हणजे ठरलेल्या हालचाली, एकट्यानंच करायच्या. मी एअरफोर्सचा माणूस, सगळी नोकरी ड्रिल शिकवण्यात काढली. राहवेना. म्हटलं, "एका हातानं मारतेस, मग दुसरा कमरेवर रिकामा कशाला? शोभेला?"

पोर इकडे उत्तरेतच वाढलेली, हिंदीतच बोलते. "अच्छा? बाबा, मेरी कलाई पकड़ो."

पकडली. तिनं माझंच मनगट धरून स्वतःच्या कमरेकडे ओढलं, दुसऱ्या हातानं कोपर दाबलं आणि मी सोफ्यावर पालथा!

"ख़ाली कहाँ था, बाबा? उसमें आपका हाथ था."

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. वाटलं, मला उठवायला.

"सई, परत दाखव गं," ती म्हणाली, "जरा सावकाश."