पहिला पिझ्झा गायीचा

चलो, पिझ्झ्याचं निघालंच आहे तर सांगतो. रांझी वस्तीतल्या आमच्या घरी माझे दोन मित्र आले होते. आई-बाबा धरून आम्ही पाच जण, म्हणून मी मोजून पाच पिझ्झ्यांचा मैदा मळला. आई भाजून राहिली होती. जेवायला बसलो तर चारच!

“आई, एक कुठं गेला?”

“पहिला गायीला दिला. रोज पहिली पोळी देते, मग आज काहून नाही?”

आम्ही पोट धरून हसलो. एका मित्रानं विचारलं, “आंटी, फिर आपका?”

“मेरा ही तो दिया, बेटा.”

बाबा मात्र हसले नव्हते. त्यांनी आपला पिझ्झा अर्धा केला अन् “माझं पोट भरलं” म्हणत आईच्या ताटात ठेवला.

रोज जेवताना ते हेच म्हणतात. मला वाटायचं, बाबांचं जेवणच कमी आहे.