चौथ्या मजल्यावरचा गोंधळ

अरे, धाकट्याचं लग्न झालं आणि पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमध्येच आम्ही देवीचा गोंधळ घातला. संबळावर काठी पडली, गोंधळी गावोगावच्या देवांना हाका मारायला लागला, तोच दारात वॉचमनकाका! हातात व्हिजिटर रजिस्टर. म्हटलं, झालं, तक्रार आली.

"काका, आवरतंच घेतो."

"आवरता कशाला? एवढे देव बोलावले, आमची येरमाळ्याची येडाई तेवढी राहिली की!"

गोंधळ्यानं हसत तिलाही खणखणीत हाक दिली. काका हात जोडून खाली गेले.

सकाळी सहज रजिस्टर बघितलं. आमच्या फ्लॅटपुढं नाव होतं येडाई, येण्याची वेळ सव्वाआठ आणि जाण्याचा रकाना कोरा.

"काका, हे अर्धवट का सोडलं?"

"अजून गेली न्हाई ना, साहेब."