बिबळ्याचा शब्द

रेवदंड्याच्या धक्क्यावर मासळीची पाटी घेऊन नीराबाई मचव्याची वाट बघत होती. शेजारी मुंबईचे वकील बंदूक सांभाळून बसले होते आणि त्यांना रानात नेणारा चांगदेव विडी ओढत होता.

"बिबळ्या नक्की मिळेल ना?"

"मचाण बांधीन, वारा बघीन, खाली बकरं बांधीन. पण साहेब, बिबळ्याचा शब्द मी कसा देऊ?"

"गेल्या साली दुसऱ्यानं दिला होता. पहिल्याच सकाळी झाडाखाली मिळालासुद्धा."

"गोळी घालंपरत पळाला न्हाय?"

"जागचा हलला नाही."

"पायाला दोरीचा वळ व्हता?"

वकिलांनी बंदूक बाजूला ठेवली.

"तू मचाणच बांध, चांगदेव. आला तर आला."

नीराबाईला राहवलं नाही.

"त्याच्या कातड्याचं काय केलंत, साहेब?"

"दिवाणखान्यात लावलंय, बाई. पाहुणे आले की तेवढा पाय दुमडून ठेवतो."