रांगेत बसायचं नाही

लेनिनग्राडला शत्रूचा वेढा पडला होता. त्या हिवाळ्यात पावाच्या रांगेत माझ्या मागे दोघी शेजारणी उभ्या होत्या. त्यातली म्हातारी ग्लाफिरा मटकन बर्फात बसली.

“उठा, काकू. काल इथं बसलेला माणूस उठलाच नाही.”

“पायच गेले गं, झिना. घटकाभर बसू दे.”

“बसा मग. तुमचं रेशनकार्ड द्या इकडे. पाव मी घेते.”

“ल्युस्याला नेऊन देशील ना?”

“तिला कशाला? मीच खाईन. मलाही भूक आहे.”

“सटवे! पाच वर्षांची नात आहे माझी!”

“मग उठा आणि माझ्या झिंज्या उपटा.”

म्हातारी माझा कोट धरून उठली.

“चोरटी! मेली कैदाशीण!”

“दुकान उघडेपर्यंत अशाच शिव्या देत राहा, काकू. थांबू नका.”