मत न दिलेला खासदार

शहाद्याच्या स्टँडवर कामिनी तापलेल्या तान्ह्याच्या कपाळाला पुन्हापुन्हा हात लावत बसली होती. शेजारी कोर्टातून आलेले चुनीलाल आणि त्याची बायको मीनाबाई टेकले.

"मोकळा व्हयना हो मळाना रस्ता! आते केळीनी गाडी निंघी," मीनाबाई म्हणाली.

"आपला वकील खासदार व्हयना, तरी काळा कोट घालीसन उभा ऱ्हायना."

"आनि तुम्ही त्याले मत बी नही दिधं."

"निवडी उना तं दिल्लीले जाई, मंग आपली केस कोन लढी?"

"हाई त्याले सांगी दिधं का?"

"सांगी दिधं. हसना. म्हने, आप्पा, मन्ही मायनी बी नही दिधं!"

कामिनीला हसू फुटलं. हात कपाळावरून खाली आला.

"आते पुढला येळे तरी त्याले मत देवाना ना तुम्ही?" मीनाबाईनं विचारलं.

"नही वं. समोरला अपीलमा जाई ऱ्हायना."